झडती सोडलेला जमादार

माणिकराव जमादारांची आणि माझी पहिली गाठ लोणच्याच्या बरणीवरून पडली. बरणी माझी, आणि तिच्यात खुपसलेली लोखंडी सळई त्यांची. मी वऱ्हाडातली. नर्सचं शिक्षण नुकतंच पुरं झालं होतं आणि जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली, म्हणून ट्रंक, वळकटी आणि आईनं दिलेली बरणी घेऊन मी मोटारीनं निघाले होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं, पण वऱ्हाडातून तिकडं जाताना लागणारा करोडगिरीचा नाका अजून होता तिथंच होता. कापड, साखर, चांदी जकात चुकवून जाऊ नये म्हणून तिथं प्रत्येकाची झडती व्हायची. रस्त्यावर आडवा बांबू, बांबूमागं खाकी कोट आणि पिळदार मिशांचा हा जमादार.

"बरणीत काय हाय?"

"लोणचं आहे."

"ते वरून दिसायलंय. खाली काय हाय?"

आणि मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत सळई बुडापर्यंत गेलीसुद्धा! त्यांनी ती बाहेर काढली, वास घेतला, आणि माझ्याच वळकटीला पुसून म्हणाले, "कैरीचं हाय. जाऊ द्या." लोणचं आठ दिवसांत बुरसलं. त्या आठ दिवसांत मी त्या माणसाला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील.

जिंतुरात आल्यावर कळलं, की शिव्या घालणारी मी एकटी नव्हे. माणिकराव लाच खात नसत, हे सगळे कबूल करत, पण बोचकं दिसलं की त्यांचा अंगठा आपोआप त्यात रुतायचा. नवरीच्या रुखवतातले लाडू त्यांनी फोडून पाहिले होते. "चीज लपत न्हाई," असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. "मानूस नजर लपवतो. नजर धरली की चीज आपसूक हाती येते." आणि खंडूबा धनगराची गोष्ट तर बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. खंडूबा मेंढरं घेऊन वऱ्हाडातून परत येत होता. माणिकरावांना संशय आला आणि त्यांनी त्या म्हाताऱ्याचा पटका बायकापोरांदेखत सोडायला लावला. आत चांदी नव्हती, देवाच्या भंडाऱ्याची पुडी होती. ती सुटली, आणि सगळा भंडारा रस्त्यावरच्या धुळीत सांडला. म्हातारा सुटलेला पटका गोळा करू लागला. त्याची बायको गिरजा मात्र धुळीत बसून पदरानं भंडारा गोळा करत राहिली, आणि उठताना एवढंच म्हणाली, "तुजी बी कुनीतरी आशीच झडती घील."

पुढं काही वर्षांनी नाके उठले. आडवा बांबू कुणीतरी गोठ्याला नेला आणि माणिकराव घरी बसले. वय पस्तिशीचं, घरात बायको यमुनाबाई आणि तीन मुली. बाकीचे शिपाई कुणी पोलिसात गेले, कुणी शेती धरली. यांना शेत नव्हतं. कापडदुकानात लागले, तर येणाऱ्या गिऱ्हाइकाकडं असे बघायचे की गिऱ्हाईक पायरीवरूनच माघारी फिरे. मालकानं हात जोडले. मग जिनिंगवर लागले. तिथं प्रत्येक गाडीतल्या कापसात सळई घालून धोंडे शोधू लागले. गाडीवाले शेजारच्या जिनिंगकडं वळले आणि माणिकराव पुन्हा ओसरीवर. यमुनाबाई दवाखान्यात मुलीचा ताप दाखवायला आली तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, घरात बसून बसून पोरींची दप्तरं तपासायलेत हो! पोरी बापाला भ्यायल्यात." मी हसले. ती हसली नाही.

शेवटी सरकारनं अशा रिकाम्या झालेल्या माणसांना इतर खात्यांत घ्यायचं ठरवलं, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांच्या नशिबी माणिकराव आले. काम होतं देवी टोचायचं. गावोगाव हिंडून लहान मुलांच्या दंडावर लस टोचायची. दवाखान्याच्या दारात ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात तीच सळई होती.

"ही इथं कशाला?" मी विचारलं.

"सवय हाय बाई. हात रिकामा ऱ्हायला की मला उगंच कसंतरी होतं."

"माझ्या लोणच्याची भरपाई कोण देणार?"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. ओळख पटली. "कैरीचं," ते म्हणाले, आणि चक्क लाजले.

त्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. टोचणी म्हणजे लाकडी मुठीची एक लहानशी फिरकी. तिचे दात कातडीवर टेकवून हलकेच फिरवायचे, नुसतं खरचटलं पाहिजे, रक्ताची धार लागता कामा नये. मी त्यांना वांग्यांवर सराव करायला लावला. पहिल्या दिवशी त्यांनी वांग्यांची भरीतं केली. "अहो, हळू! वांगं आहे ते, चोर नाही!" असं मी ओरडायची आणि कंपाउंडर पोट धरधरून हसायचा. माणिकराव हसत नसत. घाम पुसत म्हणत, "बाई, या वयाला मानूस कामात मुरतो. आन मी पस्तिशी उलटल्यावर वांग्याला देवी टोचायलोय. पन हे बी सुटलं तर मला दुसरं दार न्हाई." डॉक्टरसाहेबांनी साफ सांगितलं होतं, उन्हाळाभर बघू, जमलं तर ठेवू, लोकांना पळवून लावलं तर घरी जा. त्यामुळं ते रोज संध्याकाळी पिशवीभर वांगी घेऊन यायचे आणि यमुनाबाई आठवडाभर वांग्याचीच भाजी रांधायची.

फाल्गुन संपता संपता निरोप आला. जिंतूरच्या बाहेर एका शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरांसोबत फिरणारी पाच-सात कुटुंबं, त्यांची पालं आणि मेंढरांभोवती बांधलेली जाळी. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, काम झालं की वाडा पुढच्या गावाला निघतो. त्या वाड्यात एका मुलाला देवी आल्या होत्या. आणि वाडा होता खंडूबाचा.

"माणिकराव, वाडा हलायच्या आत पोरं टोचून झाली पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "रोग लागलेल्यांतसुद्धा पहिल्या चार-दोन दिवसांत लस पोचली तर पोर वाचतं. उशीर झाला की काही उपयोग नाही. शिवाय ही माणसं गावोगाव जातात." माणिकरावांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला होता. मीही बरोबर निघाले, कारण बायका परक्या पुरुषाला पोराच्या अंगाला हात लावू देत नसत.

पालांवर लिंबाचे डहाळे खोवलेले होते. देवी पाहुणी आली की त्या घरात फोडणी द्यायची नाही, कुणी केस विंचरायचे नाहीत, आणि सुई-शस्त्र तर अजिबात आणायचं नाही, अशी त्यांची रीत. गिरजाबाई दारात उभी राहिली. काळीसावळी, हाडापेरानं मोठी, कपाळभर कुंकू. तिनं माणिकरावांना ओळखलं, पण बोलली ती माझ्याशी. "आजारी लेकरू आत हाय, त्याला कुनी बघायचं न्हाई. दुसरी पोरं इथं न्हाईत. मामाच्या गावाला गेल्यात."

आता त्यांच्या जागी मी असते तर तिथंच बसून पाणी मागितलं असतं, दोन गोष्टी केल्या असत्या. पण माणिकरावांनी तिची नजर धरली! ती नजर क्षणभर डावीकडं गेली, तिथं कोकरं कोंडायचं भलंमोठं वेताचं डालगं उपडं घातलं होतं. हा माणूस ताडताड गेला, सळईनं डालगं उचकटलं, आणि कोकरांमध्ये बसलेल्या एका मुलाचा दंड धरून ओरडला, "सापडला!"

तो आवाज नाक्यावरचा होता. पोरगं किंचाळलं. बायकांनी दगड उचलले, कुत्री सुटली, खंडूबा काठी घेऊन धावला. मी माणिकरावांचा कोट धरून ओढत त्यांना रस्त्यावर आणलं नसतं तर त्या दिवशी दवाखान्यात त्यांनाच भरती करावं लागलं असतं. "कायद्यानं टोचता येतं बाई, कायदा हाय!" असं ते धापा टाकत म्हणत होते. "घाला चुलीत तुमचा कायदा!" मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना घेऊन गेलो तर रान मोकळं. चुलीचे दगड, लेंड्या, आणि वाळलेले लिंबाचे डहाळे. देवी घेऊन वाडा निघून गेला होता आणि कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरसाहेब रागावले नाहीत, तेच वाईट झालं. ते नुसते म्हणाले, "दोन दिवसांत वाडा सापडला नाही, तर पुन्हा येऊ नका." पण त्यांच्या त्या वाक्यापेक्षा माणिकरावांना दुसरीच गोष्ट खात होती. ते मला तीनतीनदा विचारत, "बाई, लस किती दिवसांत पोचली तर चालते?" मी सांगायची, की तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत. ते बोटं मोजायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. बाजारात लोकर विकायला आलेल्या धनगरांना विचारलं, मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्यांना विचारलं. कुणी नीट सांगेना, कारण विचारणारा कोण हे सगळ्यांना माहीत होतं. अखेर एका शेतकऱ्यानं दया येऊन सांगितलं, की देवगाव फाट्याच्या अलीकडं ओढ्याकाठी खंडूबाची मेंढरं पाहिली.

आम्ही सकाळच्या मोटारीनं निघालो. लसीच्या काचेच्या बारीक नळ्या ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवल्या होत्या. ऊन लागलं की लस मरते, म्हणून मडकं मी मांडीवर धरलं. जमादारांचे हात रिकामे होते. वाटभर ते तळहात एकमेकांवर चोळत बसले.

"सळई विसरलात?" मी विचारलं.

"न्हाई. ठिवून आलो." थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, पंधरा वर्सं मी लोकांच्या वस्तू काडून घेतल्या. आता कुनी देईल तरच घ्यायची, आसं काम हाय हे. ते मला येत न्हाई. आन शिकायला येळ न्हाई."

ओढ्याच्या काठी वाडा होता. कुत्री भुंकत आली तसे माणिकराव जाळीच्या बाहेरच थांबले. खंडूबा आला. गिरजाबाई आली. मागं सगळ्या बाया, डोक्यावर पदर, कुणाच्या हातात खुरपं.

"फिरून झडती घ्यायला आलास?" खंडूबा म्हणाला.

"न्हाई बाबा. माझी घ्या," माणिकराव म्हणाले, आणि त्यांनी आपला फेटा सोडला. सगळा सोडला, लांबच्या लांब, आणि जमिनीवर अंथरला. मग कोट काढला, खिसे उलटे केले, वहाणा काढल्या, आणि त्या उन्हात हात वर करून उभे राहिले. अगदी नाक्यावर लोक उभे राहायचे तसे.  मी मडक्यावर पदर ओढला, कारण त्यावर थेट ऊन येत होतं आणि इथं झडतीचा सोहळा चाललेला!

गिरजाबाईनं मुळीच दया केली नाही. ती पुढं झाली, कोट झटकला, भाकरीचं फडकं सोडलं, भाकरी मोडून पाहिली. मग माझ्यासमोर येऊन मडक्यातली एक नळी उचलून उन्हाला धरली. "ह्येच का ते?" मी म्हणाले, "बाई, सावलीत धरा, पाया पडते." तिनं नळी हळूच परत ठेवली. मग ती माणिकरावांच्या समोर उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांच्या कानशिलांवरून घाम गळत होता. पण वर धरलेले हात खाली आले नाहीत.

"खाली घे हात," ती म्हणाली. "तुज्याकडं काय न्हाई. पन देवी घरात आसताना सुई लावायची का न्हाई, हे मी कोन सांगनार? कौल लावू."

शेंदूर लावलेल्या देवीच्या दगडाच्या दोन्ही खांद्यांना गिरजाबाईनं ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळा वाडा दगडाभोवती बसला. मी देवाधर्माची फार नाही, पण त्या क्षणी उजव्या फुलाकडं बघत मनातल्या मनात 'पड, पड मेल्या' म्हणत होते. आजारी पोर पालात कण्हत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. एक फूल घरंगळलं. डावं.

"न्हाई म्हनली," गिरजाबाई म्हणाली.

मी उसळून काहीतरी बोलणार, तोच माणिकरावांनी माझा हात दाबला. "बरं आई. तिचा हुकूम," ते म्हणाले, आणि फेटा गोळा करून जाळीपासून थोडं लांब बाभळीखाली जाऊन बसले. मी त्यांच्यामागं धावले. "अहो, पोरं मरतील! फुलाचं काय ऐकता?" त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "गप बसा बाई. वरडून मागं एकदा बघितलं न्हाई का? आता जे व्हईल ते हितं बसूनच व्हईल."

बसलो. नळ्यांवर मी लुगड्याचा पदर ओला करून टाकत होते. दुपार कलायला लागली. इतक्यात पालातून एक तरुण बाई बाहेर आली. आजारी पोराची आई, गिरजाबाईची सून भागी. कडेवर तिचं धाकटं पोर होतं. सासूला तिनं काही विचारलं नाही, जाळी ओलांडली आणि नीट आमच्यापुढं येऊन बसली. "कौल वाड्याला लागला," ती म्हणाली. "एक लेकरू मी देवीला दिलंय, तिनं न्यावं न्हाईतर ठिवावं. ह्ये मी देनार न्हाई. टोचा."

मी खंडूबाकडं पाहिलं. आता काठी येणार! म्हातारा आमच्याकडं टक लावून बघत होता. मग तो वळला आणि मेंढरांकडं तोंड करून उभा राहिला. सगळ्या बायांनी ती पाठ बघितली. एकेक करून त्या उठल्या आणि पोरं घेऊन आल्या. पालातून, झुडपांतून, ओढ्याच्या कडेनं पोरं निघत होती. माणिकराव टोचत होते. वांग्यांची भरीतं करणारे ते हात असे हलके झाले होते, की पोरं रडायचं विसरत होती. मी दंड पुसायची, ते टोचायचे, आणि प्रत्येक आईला म्हणायचे, "खाजवू दिऊ नका बरं का माय."

शेवटी एक नळी उरली आणि पुढं कुणी येईना. गिरजाबाई डालग्याला पाठ लावून बसली होती. कोकरं तर बाहेर चरत होती, मग डालगं उपडं कशाला? आतून बारीक खोकला आला. मी ऐकला. माणिकरावांनीही ऐकला, कारण त्यांची मान एकदम वर झाली. गिरजाबाईची एक नात होती, सोनी. आई बाळंतपणात गेलेली, आजीनंच वाढवलेली.

"आई, एकाची लस हाय अजून," माणिकराव म्हणाले.

"झाली समदी. कुनी न्हाई," गिरजाबाई म्हणाली. तिनं नजर लपवली नाही. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलली.

माणिकराव बघत राहिले. तीन-चार पावलांवर डालगं होतं. मला वाटलं, आता उठतील. उठले, पण पिशवी खांद्याला लावली. "बरं आई. उद्या यीन," म्हणाले, आणि रस्त्याला लागले.

फाट्यापर्यंत मी त्यांच्याशी भांडले. "डालग्याखाली पोर होती!"

"ठाऊक हाय."

"मग उचललं का नाही? एवढीशी तर गोष्ट!"

"उचललं आसतं तर वाडा सांजच्याला उठला आसता. आज टोचलेल्यांची जखम बघायला कोन गावलं आसतं? आन पुढच्या वाड्यावर मला कोन उभं करनार?" मग रस्त्याच्या मधोमध थांबून ते म्हणाले, "बाई, मला काय बी कळंना. मी बरूबर केलं का?" मी मडकं सावरलं आणि चालू लागले. 

दुसऱ्या दिवशी ते एकटे गेले. बाभळीखाली बसले. गिरजाबाई म्हणाली, कुनी न्हाई. तिसऱ्या दिवशी गेले. कुनी न्हाई. भागीच्या पोराला उतार पडला होता, त्यामुळं गिरजाबाईला वाटलं असेल, की देवी समजूतदार आहे. त्यानंतर मी त्यांच्यासोबत गेले तेव्हा आम्हाला बसायची वेळच आली नाही. गिरजाबाई सोनीला उचलून घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. पोर तापानं फणफणलेली, तोंडावर पुटकुळ्या उठलेल्या.

"टोच," ती म्हणाली.

माणिकराव माझ्याकडं बघू लागले. मी नकाराची मान हलवली.

"आई, आता उपेग न्हाई."

"टोच म्हन्ते ना!"

"न्हाई आई. खोटं टोचून तुला फसवनार न्हाई."

गिरजाबाई रस्त्यातच बसली. पोर तिच्या मांडीवर. "तुला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तुज्या कानावर खोकला आला व्हता. मी बघितलं. मंग उचललं कामून न्हाईस? भंडारा सांडताना लय हात चालत व्हते तुजे!" माणिकराव तिच्यासमोर धुळीत बसले.  मी नर्स आहे, मी मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण असा जिवंत माणसाचा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

सोनी वाचली नाही. वाड्यातलं दुसरं एकही पोर आजारी पडलं नाही. डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली, 'तुम्ही कायम' म्हणाले, आणि त्या मुलीला रोग आधीच लागला असेल, टोचूनही वाचली नसती, असंही समजावलं. "आसंल," माणिकराव म्हणाले. पण संध्याकाळी त्यांनी टोचणी धुऊन, पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"हे माज्याच्यानं व्हायचं न्हाई बाई. नाक्यावर सोपं व्हतं. सापडलं की सापडलं. हितं उचललं तरी मरन, न्हाई उचललं तरी मरन. यमुनाला म्हनलंय, मजुरीला जाऊ."

 मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही. त्याच आठवड्यात आणखी एका वाड्यावर देवी आल्याची खबर आली. डॉक्टरांनी दुसरा माणूस मागवायला परभणीला लिहिलं, तो येईपर्यंत किती दिवस जाणार ते देवालाच ठाऊक. मी दारात उभी राहून विचार करत होते, की मीच जावं का, तेवढ्यात समोरून गिरजाबाई आली. पायी आली होती. पाय धुळीनं पांढरे झालेले, कपाळावर कुंकू नेहमीसारखंच मोठं.

"जमादार कुटं हाय?"

मी कंपाउंडरला पाठवून त्यांना घरून बोलावलं. ते आले आणि तिला बघून पायरीखालीच थांबले. मला वाटलं, आता ही याला शाप देणार. तिनं विचारलं, "येलदरीच्या वाटंला आमच्यातल्याच लोकांचा वाडा हाय, तितं बी आल्यात म्हनं?"

"व्हय आई."

"मंग हितं कामून बसलास?"

"मला न्हाई जमत आई. डालगं उचलायचं का न्हाई, मला उमगत न्हाई."

"तू नगंच उचलू," गिरजाबाई म्हणाली. "तुजं ते काम न्हाई. चल."

मी टेबलावरची टोचणी त्यांच्या हातात दिली, मडकं घेतलं, आणि आम्ही तिघं निघालो.  त्या वाड्यावरसुद्धा तेच, लिंबाचे डहाळे, कुत्री, आणि दारातली म्हातारी म्हणते, पोरं इथं नाहीत. गिरजाबाईनं माणिकरावांना लांब झाडाखाली बसवलं आणि एकटी आत गेली. तिचा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ येत होता. ती रडत नव्हती. बाजारात भाव सांगावा तशी खणखणीत सांगत होती.

"मी लपिवली व्हती. डालग्याखाली. त्यो म्हनला, एकाची हाय. मी म्हनलं, कुनी न्हाई. आता खरंच कुनी न्हाई."

 माणिकराव खाली मान घालून मातीत बोटानं रेघा ओढत होते. मग डालगं उचलल्याचा वेताचा करकर आवाज आला, दुसरं उचललं, आणि पोरांचा गलका ऐकू आला. गिरजाबाई पालाच्या दारात आली. दोन्ही हातांत दोन पोरांचे दंड होते.

"बसलास काय जमादार?" ती ओरडली. "ये आत. लेकरं थांबल्यात."